एफ/६ आणि प्रत्यक्ष प्रमाण

माझ्या दुर्बिणीच्या नळीवर एक पट्टी चिकटवलेली आहे. व्यास २०० मिलिमीटर, फोकल लेंथ १२०० मिलिमीटर, एफ/६. बघायला येणारे लोक पहिला आकडा वाचून मान डोलावतात आणि मग विचारतात, "किती पट मोठं दिसतं?" ते पट्टीवर लिहिलेलंच नसतं, कारण ते एकट्या दुर्बिणीवर ठरत नाही, डोळा लावायच्या भिंगावर, म्हणजे आयपीसवरही ठरतं. एफ/६ बद्दल मात्र कुणी विचारत नाही. मी आयुष्यभर तर्कशास्त्र आणि भारतीय दर्शनं शिकवली. दुर्बीण निवृत्तीनंतर आली. त्या तिसऱ्या आकड्यानं मला जेवढं गुंतवून ठेवलं तेवढं शनीच्या कड्यांनीही नाही. प्रत्यक्ष कशाला म्हणावं, यावरचा नैयायिक आणि बौद्धांचा जो वाद मी वर्गात खडू झिजवत मांडत असे, तो या आकड्यानं माझ्यापुढे पुन्हा उभा केला, आणि या वेळी परीक्षेची घाई नव्हती.

आकडा तसा साधा. फोकल लेंथला व्यासानं भागायचं : बाराशे भागिले दोनशे, सहा. आरशाचा व्यास ठरवतो प्रकाश किती गोळा होणार. फोकल लेंथ ठरवते त्या प्रकाशाची प्रतिमा किती मोठी उमटणार. वाटीतलं तूप तेवढंच असतं. भाकरी लहान असेल तर थर जाड बसतो, मोठी असेल तर पातळ. व्यास तोच ठेवून एफ/५ च्या जागी एफ/१० ची दुर्बीण केली, तर तेजोमेघाची प्रतिमा लांबीरुंदीत दुप्पट होते, क्षेत्रफळात चौपट, आणि दर चौरस मिलिमीटरवर पडणारा प्रकाश पाव उरतो. म्हणून कॅमेरावाले एफ/४, एफ/५ ला 'फास्ट' म्हणतात आणि एफ/१० ला 'स्लो'. फास्ट दुर्बिणीला एक मिनिट पुरतं तिथे स्लो दुर्बिणीला चार लागतात. ताऱ्याला हा हिशेब लागू नाही. तारा बिंदूच राहतो, त्याचं तेज आरशाच्या व्यासावर जातं. हिशेब आहे तो पसरट गोष्टींचा : तेजोमेघ, दीर्घिका, धूमकेतूची शेपटी.

फास्ट म्हणजे चांगली असा समज दुकानदार करून देतात, तो सोडून द्यावा. फास्ट आरशाचा प्रकाश फार तिरका एकवटतो, त्यामुळे फोकस चुकण्याला सूट थोडी मिळते. ही सूट फोकल रेशोच्या वर्गानं वाढते. एफ/१० ला ती एफ/४ च्या सहापट आहे. शिवाय एफ/४ च्या आरशात दृश्याच्या कडेचे तारे शेपटी फुटल्यासारखे दिसतात, आणि साधं स्वस्त आयपीस तिथं उघडं पडतं. सतराव्या शतकात लोक उलट टोकाला गेले होते. भिंगातून दिसणाऱ्या वस्तूंना रंगीत कडा येत, त्या कमी करायला फोकल लेंथ वाढवत नेत. डान्झिगच्या हेवेलियसनं सुमारे ४५ मीटर लांबीची दुर्बीण खांबाला टांगली होती. वारा आला की काम बंद.

आता डोळ्याकडे येऊ. दुर्बीण दिवसा मोकळ्या आकाशाकडे रोखली (सूर्यापासून पुष्कळ दूर, हे सांगायलाच हवं) आणि आयपीसपासून जरा लांब उभं राहून पाहिलं, तर त्यात प्रकाशाचं एक छोटं वर्तुळ तरंगताना दिसतं. डोळ्यात शिरणाऱ्या झोताची ती जाडी. तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. ती काढायला आयपीसच्या फोकल लेंथला फोकल रेशोनं भागायचं. माझ्या एफ/६ ला २५ मिलिमीटरचं आयपीस लावलं तर झोत चार मिलिमीटरहून किंचित जाड. ४० चं लावलं तर ६.७. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. माझ्या वयाला ती पाचाच्या आसपास अडते. म्हणजे ४० च्या आयपीसमधून येणारा सगळा प्रकाश रांगेतल्या विशीतल्या पोराच्या डोळ्यात जातो, माझ्या डोळ्यात मात्र मधला पाच मिलिमीटरचा भाग, उरलेला बुबुळावर सांडतो. एकाच दुर्बिणीशी उभे राहून तो आठ इंची आरशातून बघतो आणि मी सहा इंची.

वेदान्तात याला अधिकारभेद म्हणतात. उपदेश एकच, पण तो ज्याच्या त्याच्या तयारीइतकाच पोचतो. ही कल्पना परंपरेनं पुष्कळदा माणसांना दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरली, त्यामुळे वर्गात शिकवताना ती नेहमी माझ्या घशात अडकायची. दुर्बिणीपाशी ती मिलिमीटरमध्ये मोजता येते आणि तिच्यावरचा उपायही मिलिमीटरमध्येच आहे : ३० चं आयपीस लावा, झोत बरोबर पाचाचा होतो आणि आरशानं गोळा केलेला सगळा प्रकाश माझ्या डोळ्यात येतो. कमी अधिकाराच्या माणसासाठी आयपीस बदलायचं असतं, एवढं साधं आमच्या आचार्यांना का सुचलं नाही, कोण जाणे.

याच हिशेबातून एक गोष्ट निघते, ती पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटी वाटते. कितीही मोठी दुर्बीण घ्या, पसरट वस्तूचं तेज, म्हणजे तिच्या तेवढ्याच तुकड्यातून येणारा उजेड, नुसत्या डोळ्याला दिसतं त्यापेक्षा वाढवता येत नाही. झोत बाहुलीएवढा ठेवला तर प्रकाश जितक्या पटीनं जास्त गोळा होतो तितक्याच पटीनं तो पसरतोही. हिशेब फिटतो, वर काचेत आणि आरशावर थोडी गळती होते ती वेगळीच. मग दुर्बिणीतून जास्त का दिसतं? मोठं होतं म्हणून. अंधारात डोळ्याला लहानसा फिका ठिपका जाणवत नाही, तेवढाच फिका मोठा डाग जाणवतो.

आणखी पुढे जा. दुर्बीण बाजूला ठेवा आणि यानात बसून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाकडे निघा. तो सुमारे तेराशे प्रकाशवर्षांवर आहे. त्यातली हजार ओलांडलीत तरी तो भगभगीत होणार नाही. आकाशाचा मोठा तुकडा व्यापेल, पण त्याचा फिकेपणा तसाच राहील. अंतर कमी झालं की एकूण प्रकाश वाढतो आणि त्याच प्रमाणात व्यापही वाढतो. जवळ गेलं की तेज वाढतं, ही आपल्या धर्मभावनेतली खोल धारणा आहे. गाभाऱ्यात शिरायला मिळावं म्हणून लोक रात्र रात्र रांगेत उभे राहतात, मुखदर्शनावर समाधान मानणाऱ्याला आपलं काही कमी पडलं असं वाटत राहतं. मला अशा वेळी गीतेचा अकरावा अध्याय आठवतो. अर्जुन एकाच रथात, श्रीकृष्णाच्या हाताच्या अंतरावर बसलेला आहे. त्याला विश्वरूप दाखवताना जवळ बोलावलेलं नाही; वेगळा डोळा दिला आहे.

वेगळा डोळा आता बाजारात मिळतो. माझा एक जुना विद्यार्थी, सध्या बँकेत असतो, धोम धरणाच्या वरच्या अंगाला आम्ही मुलांसाठी आकाशदर्शन ठेवतो तेव्हा आपलं साहित्य घेऊन येतो : ८० मिलिमीटरचं भिंग, ४८० मिलिमीटर फोकल लेंथ, मागे कॅमेरा, आणि खाली ताऱ्यांच्या गतीनं वळत राहणारं माउंट. भागाकार केलात तर कळेल, त्याचीही दुर्बीण एफ/६. त्याच्या आणि माझ्या फोकसपाशी तेजोमेघाचा थर सारख्याच जाडीचा बसतो. माझा आरसा त्याच्या भिंगाच्या सहापट प्रकाश गोळा करतो. आणि तरी मुलं माझ्या आयपीसवरून उठून त्याच्या लॅपटॉपपुढे गेली की तिकडून आरडाओरडा ऐकू येतो. एका मुलानं परत येऊन मला सांगितलं, "बाई, तुमच्यात धुरकट आहे. सरांच्यात खरं दिसतंय."

फरक कुठून आला, याचं उत्तर फोकल रेशोत नाही, वेळेत आहे. डोळा प्रकाश साठवत नाही. सेकंदाच्या छोट्या अंशात जे आलं त्यावर भागवतो आणि पाटी पुसतो. कॅमेरा दोन-दोन मिनिटं झाकण उघडं ठेवून बसतो, अशी कितीतरी चित्रं घेतो, मग ती एकावर एक रचली जातात. दुसरा फरक रंगाचा. मंद उजेडात आपण डोळ्यातल्या दंडपेशींवर विसंबून असतो आणि त्यांना रंग कळत नाही. हायड्रोजनचा जो लाल प्रकाश, ६५६ नॅनोमीटरचा, फोटोत सगळीकडे पसरलेला दिसतो, त्याला दंडपेशी जवळजवळ आंधळ्या आहेत. त्यांची सगळ्यात चांगली नजर ५०० नॅनोमीटरच्या आसपास, हिरव्यावर. मोठ्या आरशातून मात्र मृगाचा तेजोमेघ काही जणांना किंचित हिरवट दिसतो, आणि तो हिरवा प्रकाश खराच तिथला आहे.

त्या हिरव्याची एक गोष्ट आहे. १८६४ साली विल्यम हगिन्सनं एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला तेव्हा त्याला काही ठळक रेषा दिसल्या. त्यातली मुख्य हिरवी रेषा कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी नीट जुळेना. पुढे तिच्यासाठी 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्य कल्पलं गेलं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी करणारे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही मृगातल्या तेजोमेघाची हीच रेषा पुण्याच्या आकाशाखाली तपासली होती. नॉर्मन लॉकियरच्या मते ती मॅग्नेशियमच्या धूसर पट्ट्याची कड होती. नायगमवालांना ती स्वच्छ, रेखीव दिसली आणि त्यांनी तसं कळवलं. रेषा कशाची हे मात्र १९२७ साली आयरा बोवेननं उलगडलं : दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, इतक्या विरळ अवस्थेत की प्रयोगशाळेत ती आणता येत नव्हती. साठ वर्षं माणसं एक खरी रेषा बघत होती आणि तिला चुकीचं नाव देत होती. बौद्ध तार्किक दिङ्नाग म्हणतो की प्रत्यक्ष म्हणजे कल्पना मिसळण्याच्या आधीचं ज्ञान. नाव, जात, गुण चिकटले की ते प्रत्यक्ष उरलं नाही. नैयायिक म्हणतात की नावाआधीचं निर्विकल्पक आणि नावासकट आलेलं सविकल्पक, दोन्ही प्रत्यक्षच. या हिरव्या रेषेच्या बाबतीत मला दिङ्नागाची बाजू जड वाटते. चूक झाली ती सगळी नावात.

आयपीसवर डोळा लावून हा निर्विकल्पकाचा अनुभव कुणालाही घेता येतो. फार मंद दीर्घिका शोधताना तिच्याकडे सरळ बघायचं नसतं. नजर जरा बाजूला टाकायची, कारण दंडपेशी डोळ्याच्या मध्यावर नाहीत, भोवती आहेत. आधी 'काहीतरी आहे' एवढंच कळतं. आकार नाही, नाव नाही, कधी कधी तर ते आहे का याचीही खात्री नाही. मग क्षणभर ते स्थिर होतं आणि मनात शब्द येतो : दीर्घिका. वर्गात मी निर्विकल्पकाचं उदाहरण म्हणून तान्ह्या मुलाचं ज्ञान सांगत असे, पुस्तकात तसं असतं म्हणून. मुलं लिहून घेत. कुणाला काही कळत नसे, तान्ह्या मुलाला विचारणार कोण?

तर त्या मुलाचं 'खरं'. न्यायसूत्रांत प्रत्यक्षाची पहिली अट आहे संनिकर्ष, इंद्रियाची वस्तूशी गाठ. नैयायिकांच्या मते डोळा तैजस आहे. त्यातून किरण निघतो आणि वस्तूपर्यंत पोचतो. बौद्ध आणि जैन हे मानत नाहीत. त्यांच्या मते डोळा वस्तूला न भिडताच तिचं ग्रहण करतो. देवयानी दीर्घिकेतून येणारा प्रकाश निघाला तेव्हापासून २५ लाख वर्षं झाली आहेत, हे कळल्यावर हा वाद मिटायला हरकत नाही. गाठ लागते, यात नैयायिक बरोबर. पण ती तिकडे होत नाही, इकडे होते, डोळ्याच्या पडद्यावर. प्रवास डोळ्यानं केलेला नाही, प्रकाशानं केला आहे. इतका लांबून आलेला प्रकाश शेवटी माझ्या डोळ्यात विझतो, ही गाठ मला पुरेशी वाटते.

विद्यार्थी इथे मला अडवतो. "मॅडम, माझ्या सेन्सरवरही तोच प्रकाश पडतो. तिथेही गाठच आहे." आहे. पण सेन्सर त्याचं इंद्रिय नाही. त्याच्या डोळ्याची गाठ लॅपटॉपच्या पडद्याशी पडते, आणि पडद्यावरून तो आकाशाबद्दल सांगतो. धुरावरून अग्नी. न्यायात याला अनुमान म्हणतात आणि ते कमी प्रतीचं मानत नाहीत. ते स्वतंत्र प्रमाण आहे. फक्त त्याला व्याप्ती लागते, 'हे असेल तर ते असतंच' असा माहीत असलेला नियम. मी त्याला विचारलं, "हा लाल ठिपका तारा नाही, बिघडलेला पिक्सेल आहे, हे तुला कसं कळलं?" तो म्हणाला, झाकण लावून घेतलेल्या चित्रातही तो तिथेच होता. म्हणजे नियमानं कळलं. काय वजा करायचं, काय ताणून उजळायचं, किती चित्रं एकत्र करायची, प्रत्येक पायरीला त्याच्याकडे एक नियम आहे. अनुमानांची इतकी लांब आणि इतकी भक्कम साखळी मी मिथिलेच्या नव्य-न्यायातही पाहिलेली नाही. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो खूश झाला, पण हट्ट सोडेना. "तुमची ती बाजूला नजर टाकण्याची युक्तीही शिकावीच लागते ना? मग तेही अनुमान."

चांगला आक्षेप आहे, आणि त्याला भर्तृहरीनं आधीच उत्तर दिलेलं आहे. रत्नपारख्याला हिऱ्याचा कस दिसतो तो सरावानं. तो दुसऱ्याला शब्दांत सांगता येत नाही, आणि म्हणूनच ते अनुमानानं आलेलं ज्ञान नव्हे, असं वाक्यपदीयात त्यानं म्हटलं आहे. शिकलेली नजर ही नजरच असते. सरावलेला माणूस 'नियम असा, म्हणून हे असं' या वाटेनं जात नाही, त्याला दिसतं.

पण सरावलेली नजर फसते, हे मी विद्यार्थ्यापासून लपवून ठेवणार नाही. एकोणिसाव्या शतकात मृगाच्या तेजोमेघाची हातानं काढलेली चित्रं एकमेकांशी इतकी जुळेनाशी झाली की तेजोमेघच बदलतोय की काय, असा वाद सुरू झाला. १८८० च्या सप्टेंबरात हेन्री ड्रेपरनं त्याचा पहिला फोटो घेतला. १८८३ मध्ये अँड्र्यू कॉमननं आपल्या ३६ इंची आरशातून घेतलेल्या फोटोत तर त्याच दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारे तारे उमटले. त्या दिवसापासून व्यावसायिक खगोलशास्त्रात डोळा मागे पडत गेला. मंगळावरचे कालवे तर प्रसिद्धच आहेत. पर्सिव्हल लॉवेलला ते १८९४ पासून स्वच्छ दिसत होते. १९०९ मध्ये अँतोनियादीनं पॅरिसजवळच्या म्युदोंच्या मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा रेषा विरघळून तुटक डाग उरले. दोघंही कसलेले निरीक्षक. भ्रमाचं उदाहरण म्हणून दोरी आणि साप आपण पुस्तकात फार सहज लिहितो. लॉवेलनं त्या सापावर ग्रंथ लिहिले. तेव्हा प्रत्यक्ष वरचढ आणि अनुमान दुय्यम असं मी म्हणत नाही. कित्येकदा अनुमानानंच प्रत्यक्षाला दुरुस्त केलं आहे.

अशा जागी कुणीतरी हमखास म्हणतं, "जाऊ द्या, दोन्ही आपापल्या परीनं खरं," आणि अनेकांतवादाचं नाव घेऊन विषय मिटवतं. जैनांचा अनेकांतवाद इतका आळशी नाही. त्यात प्रत्येक नयाला, म्हणजे दृष्टिकोनाला, आपली मर्यादा सांगावी लागते. लॅपटॉपवरचं चित्र म्हणू शकतं : मी तासाभराचा साठा आहे, माझे रंग यंत्राला जे कळतं त्यावरून ठरले, हे सगळं एकाच क्षणी कुणालाही असं दिसलेलं नाही. आयपीसमधला राखाडी डाग म्हणू शकतो : मी आत्ताचा आहे, पण तुझ्या दंडपेशींना जेवढं पेलतं तेवढाच. एवढं बोलायला लावलं की त्या मुलाच्या 'धुरकट' आणि 'खरं' या दोन शब्दांतलं भांडण मिटतं.

मग डोळ्यासाठी दुर्बीण करायची तरी कशाला? या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस एक संन्यासी होता. जॉन डॉब्सन यांचा जन्म १९१५ साली बीजिंगचा, शिक्षण बर्कलीला रसायनशास्त्रात. १९४४ साली ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत, म्हणजे रामकृष्ण संघात, दाखल झाले. विज्ञान आणि वेदान्त यांचा मेळ घालायचं काम गुरू स्वामी अशोकानंदांनी त्यांच्यावर सोपवलं. मेळ घालता घालता ते आरसे घासायला लागले. जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ जाड काचा, पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लायवूडची पेटी. मठाला ते पसंत नव्हतं, म्हणून बाहेरच्या मित्रांशी पत्रव्यवहारात दुर्बिणीला 'जिरेनियम' म्हणायचं ठरलं. आरशावर मुलामा चढला की जिरेनियमला फूल आलं. १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्या वर्षी ते आणि त्यांचे सोबती सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवू लागले, आणि ते काम त्यांनी २०१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडलं नाही. माझी दुर्बीण त्यांच्याच नावाची, डॉब्सोनियन.

तिची रचना पाहा. पेटी फक्त वरखाली आणि डावीउजवीकडे फिरते. ताऱ्यांच्या मागोमाग ती आपण होऊन जात नाही, आणि मोटर बसवून नेली तरी दृश्य स्वतःभोवती फिरत राहतं. लांब वेळेच्या फोटोला ती निरुपयोगी. वेधशाळांनी आयपीस टाकून दिल्यावर कित्येक दशकांनी एका वेदान्त्यानं फक्त डोळ्यालाच उपयोगी पडेल असं यंत्र केलं. हे अद्वैताशी कसं बसतं, हे मला बराच काळ छळत होतं. दृश्य मिथ्या म्हणणाऱ्यानं रस्त्यावरच्या माणसाला हाताला धरून दृश्य का दाखवावं? डॉब्सन यांनी मायेचं आवरण आणि विक्षेप यांची सांगड भौतिकशास्त्राशी घालणारी मांडणी केली आहे. ती मला पटत नाही. दोन शास्त्रांतले शब्द शेजारी ठेवल्यानं सिद्धान्त होत नाही. पेटी मात्र पटते. अद्वैतात मिथ्या म्हणजे निव्वळ खोटं नव्हे. मिथ्या ते, जे ज्ञानानं बाधित होतं. आणि बाधित व्हायला ते आधी ज्याचं त्यानं पाहिलेलं असावं लागतं. दुसऱ्याच्या सापाचा भ्रम माझ्या दिव्यानं जात नाही. फोटो हजारांना एकदम दाखवता येतो. आयपीसवर एका वेळी एकच माणूस मावतो. डॉब्सन यांना तेच हवं होतं, असं मी समजते.

गेल्या हिवाळ्यात रांगेत एक म्हातारी होती, मुलांबरोबर आलेली. शनी लावला होता, १० मिलिमीटरचं आयपीस, १२० पट. बराच वेळ डोळा हलवेना. मग मला विचारलं, "ह्योच व्हय, आमच्या पोराच्या राशीला बसलेला?"

"ह्योच," मी म्हटलं.

"येवढासा?"

साडेसातीवर मी कित्येक वर्षं वर्गात, भाषणांत, लेखांत बोलत आले. 'येवढासा' हा एका शब्दाचा युक्तिवाद मला कधी सुचला नव्हता. अर्थात ती दुसऱ्या दिवशी मारुतीला तेल घालायला गेली असेल, जाऊ दे. तिनं स्वतःच्या डोळ्यानं मोजलं होतं. शनीचे फोटो कॅलेंडरवर तिनंही पाहिलेच असतील, पण त्यात तो पानभर असतो.

ज्यांना पुढच्या हिवाळ्यात मृगातला तेजोमेघ बघायचा आहे त्यांच्यासाठी हिशेब : डिसेंबर ते मार्च, अमावास्येच्या आगेमागे, गावाच्या दिव्यांपासून दूर, अंधारात वीस-तीस मिनिटं डोळे सरावू द्यायचे आणि तोवर मोबाइल खिशात ठेवायचा. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली फिक्या ताऱ्यांची एक उभी ओळ आहे, तिच्या मधोमध तो आहे. आपल्या दुर्बिणीचा फोकल रेशो बघा. साठीपुढचे असाल तर त्याला पाचानं गुणा, तरुण असाल तर सातानं, आणि येईल त्याहून मोठं आयपीस लावू नका. साठीनंतर एफ/५ ला २५, एफ/६ ला ३०, एफ/८ ला ४०. एफ/१० असेल तर ४० वरच थांबावं लागेल, सव्वा इंची नळीत त्याहून मोठं सहसा मिळत नाही. आणि शेजारी कुणी कॅमेरा लावून बसलं असेल तर रांग आधी आयपीसची धरा. लॅपटॉप पहाटेपर्यंत तिथेच असतो.